‘शेवटची बांधी’ कोणी वाटली?

१

चहा गाळता गाळता मोनालीने मोबाईल पाहिला आणि तिचं लक्षच उडालं. चहा कपाबाहेर ओट्यावर पसरत गेला.

अनोळखी नंबरावरून निरोप होता. ‘ताई, तुमचा गेम लय भारी. शेवटच्या बांधीत पाणी पोचलं तेव्हा अंगावर काटा आला.’

अशा निरोपाची वाट तिने दोन वर्षं पाहिली होती. पण गेम विक्रीला येणार होता उद्या सकाळी. तो शेवटपर्यंत खेळलेला माणूस आज जगात असायलाच नको होता.

तिने लगेच विचारलं, ‘कुठे मिळाला?’ उत्तरात एका चॅनेलची लिंक आली. वर तिनेच निवडलेलं चित्र होतं, हातात टॉर्च घेऊन कालव्याच्या काठाने चाललेली मुलगी. खाली लिहिलं होतं, ‘शेवटची बांधी. पूर्ण गेम. फुकट.’

मोनाली तुरकरने पुण्याची नोकरी सोडून गोंदियाजवळच्या फुलचूरच्या घरात, माडीवरच्या खोलीत हा गेम उभा केला होता. कोड लिहायला चंद्रकुमार बोपचे होता, चोरखमारा तलावाच्या बाजूच्या गावातला. चित्रं काढायला गोंदिया शहरातली रीना होती. तिघंच. गेम साधा होता. तलावातून सोडलेलं पाणी एकेका बांधीतून, म्हणजे धानाच्या एकेका वाफ्यातून पुढे न्यायचं आणि शेवटची बांधी भेगाळायच्या आत तिथे पोचवायचं. पहिल्या तीन बांध्या फुकट, पुढच्यांसाठी पैसे. पण पैसे एकदाच. फोनवर घेतला तरी कॉम्प्युटरवर खेळा, कॉम्प्युटरवर घेतला तरी टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर खेळा. एकाच गेमचे तीनदा पैसे घ्यायचे नाहीत, ही अट मोनालीने सगळ्यांशी भांडून टिकवली होती.

कन्सोलचं काम नागपूरच्या एका प्रकाशक कंपनीकडे होतं. तिथल्या प्रफुलचा फोन थोड्याच वेळात आला. एरवी तो हवापाण्यावर बोलून मग मुद्द्यावर यायचा.

"पाहिलंत?" तो म्हणाला. "मॅडम, स्पष्ट बोलतो. बाहेरच्या कोणी चोरला असेल तर नाव द्या, आमचे वकील तक्रार करतील, उद्याची तारीख कायम राहील. पण तुमच्यातल्याच कोणी बाहेर काढला असेल, तर करारातलं कलम तुम्हाला माहीत आहे."

"करार संपतो."

"मला आज संध्याकाळपर्यंत सांगा. आतला की बाहेरचा."

फोन बंद झाला. बाहेरचाच असू दे, असं मोनाली मनातल्या मनात म्हणाली, आणि असं म्हटल्याची तिची तिलाच भीती वाटली.

२

घरात त्या वेळी प्रेरणावहिनी होती. ती माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करायची. शेतकरी पिशवीत माती घेऊन यायचे आणि सांगायचे, खत कमी पडलं, बियाणं खोटं निघालं, शेजाऱ्याने काही टाकलं. वहिनी ऐकून घ्यायची आणि मग मातीलाच विचारायची. बोलणं मोजकं. रविवार असल्याने ती अंगणात कपडे वाळत घालत होती.

"वहिनी, माझं डोकं चालून नाही राहिलं."

"मग बस आधी. आणि पहिल्यापासून सांग."

मोनालीने सांगितलं. वहिनीने ओले हात पदराला पुसले आणि जुन्या फोनवर उतरवून घेतलेली चॅनेलवरची प्रत हातात घेतली. गेम तिने कधी खेळला नव्हता. मोनाली सांगेल तिथे बोट टेकवत, न घाई करता ती एकेक बांधी ओलांडत गेली. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या देखाव्याशी मात्र थांबली. पऱ्ह्याच्या कोवळ्या रोपांच्या जुड्या हातात घेऊन बाया चिखलात वाकलेल्या होत्या.

"रोवणी झकास दाखवली," ती म्हणाली. "अगदी आमच्या गावासारखी."

एरवी या शब्दांनी मोनाली सुखावली असती. "ते राहू दे वहिनी. इथे बघ, पहिल्या चित्रात, तलावाच्या पाळीवर."

पाळीवर सारसांची जोडी उभी होती. एक मान वर करून, दुसरा मान खाली घालून.

"ही आमची खूण आहे. तपासायला तीन प्रती बाहेर दिल्या होत्या. फोनची, कॉम्प्युटरची आणि कन्सोलची. प्रत्येकीत सारस वेगळे. कुठून फुटली ते कळावं म्हणून. मला आणि चंदूलाच माहीत आहे. उद्या विकायच्या प्रतीत दोघांच्याही माना वर आहेत."

"आणि हा मान खाली घातलेला?"

मोनाली बोलणार तेवढ्यात फाटक वाजलं. चंद्रकुमार आला होता. त्याने मोटारसायकलच्या हँडलची पिशवी काढून डबा वहिनीच्या हातात दिला.

"आईनं पोहे धाडले. नव्या धानाचे. नव्याचा सण झाला ना आमच्याकडे." तो हसला, पण ओठांतच. डोळे सुजलेले होते. "चॅनेल मी पन पाहिला, मोना. सकाळपासून तेच पाहून राहिलो."

"सारस पाहिलास?"

त्याने मान डोलावली. वर पाहिलं नाही.

"मान खाली घातलेला सारस फक्त फोनच्या प्रतीत आहे, वहिनी," मोनाली म्हणाली. "आणि ती एकाच माणसाकडे होती. मुन्नालालकडे."

३

स्टेशनच्या रस्त्यावर मुन्नालालचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. मागच्या खोलीत चार जुने कॉम्प्युटर आणि एक टीव्ही ठेवून तो पोरांना तासाच्या भाड्याने गेम खेळू द्यायचा. त्यांतले निम्मे नकली आहेत हे सगळ्या बाजाराला माहीत होतं. त्याच्याकडचे फोन स्वस्तातले, जुने. त्यांवर गेम चालला तर कुठेही चालेल म्हणून मोनालीने प्रत त्याला दिली होती. आता तिला तो आपला मूर्खपणा वाटत होता.

"मुन्नालालभाऊ, माझा गेम बाहेर कसा गेला?" तिने उंबऱ्यातूनच विचारलं. आवाज चढला. खेळणारी पोरं वळून बघायला लागली.

मुन्नालालने डोळ्याचं भिंग काढलं. "कौन सा बाहर?"

"चॅनेलवर फुकट वाटला जातोय. तुमच्याच प्रतीवरून. चोरी केलीत तुम्ही."

"ओ बाई, जरा हळू!" तो उठला. "माझ्याकडं नकली गेम हायेत, मी कधी नाही म्हटलं? पन तुझा नाही दिला. तू माझ्या भरोशावर दिलता ना? ते पाय, तिसऱ्या रॅकवर पडला आहे फोन. त्याच्यात सिम पन नाही."

"मला बघू द्या," प्रेरणावहिनी म्हणाली.

तिने तो फोन घेतला आणि स्टुलावर बसून गेम सुरू केला. पाळीवर तोच सारस, मान खाली. मोनालीने ओठ आवळले. वहिनी मात्र पुढे खेळत राहिली, रोवणीपर्यंत. तिथे ती दोनदा मागे गेली, पुन्हा पाहिलं.

"भाऊ, ह्या बाया कुठं चालल्या?"

"शेतात. और कहाँ जायेंगी?" मुन्नालाल वैतागला. "बहनजी, कामाचं विचारा. चॅनेलवरचा माल दाखवा मले."

मोनालीने आणलेल्या जुन्या फोनवरची प्रत त्याने भराभर पुढे नेली. तिसरी बांधी संपली, चौथी सुरू झाली. त्याने भुवया वर केल्या.

"पैसे मागनारी पट्टी कुठं गेली? माझ्यावाल्यात येते ना, इथं ताला लागते."

"तोडली असेल," मोनाली म्हणाली.

"तोडलेला माल मी रोज पायतो. ताला तोडला की खुना राहतेत. पट्टी झपकन येते अन् जाते, नाहीतर गेम एखाद्या जागी अटकते. हे साफ आहे. इथं ताला कधी लागलाच नव्हता."

"तुम्हाला असंच म्हणायचं असणार."

"मग जा थान्यात!" मुन्नालाल ओरडला. "नकली चालवते तो चोर, सबको यही आसान लगता है."

सोबत आलेला चंद्रकुमार दारात उभा होता. इतका वेळ त्याने तोंड उघडलं नव्हतं. आता तो खालच्या आवाजात म्हणाला, "मोना, मी गावाला जाऊन येतो. आईचं बरं नाही."

"आत्ता?"

तो निघूनही गेला. रस्त्यावर आल्यावर मोनालीने स्कूटीची चावी लावली आणि तशीच थांबली. "प्रफुलला सांगून टाकते. नाव मिळालं."

"थांब," वहिनी म्हणाली. "सारस त्याचा आहे. गेम त्याचा नाही."

४

वहिनी याहून जास्त सांगेना. "दोन नमुने मिळाले की मी तिसरा मागते," एवढंच म्हणाली. म्हणून दोघी सिव्हिल लाइन्सला रीनाकडे गेल्या.

 मोनालीचं रीनाशी मागच्या महिन्यात कडाक्याचं भांडण झालं होतं. तीन ठिकाणी तीन वेगळे भाव लावू, कन्सोलवाले ऐपतीचे असतात, असं रीनाचं म्हणणं. मोनालीने ऐकलं नाही, तेव्हा रीना दार आपटून म्हणाली होती, ‘तो फिर मुफ्त में बाँट दो ना!’

आज ती दारातच म्हणाली, "मला माहीत आहे तू कायले आली. मी ते बोलले होते म्हणून."

"मी अजून काही म्हटलं नाही."

"तोंडावर लिहिलंय तुझ्या." रीनाने दोघींना बसायला सांगितलं आणि स्वतः उभीच राहिली. तिचे डोळे भरून आले होते. "दोन साल मोना. कालव्याचं पाणी काढायला मी महिना घातला. मैं अपना ही काम फुकट वाटू? पागल आहे का मी?"

 वहिनीने शांतपणे विचारलं, "रोवणीतल्या बाया तूच काढल्या?"

"हो."

"कशा?"

"मतलब? गेममधल्या मुलीची चाल तयार होती. वही चाल घेतली, बस पीठ झुका दी, हातात जुडी दिली." रीनाने नाक ओढलं. "काऊन? काही चुकलं?"

"तुला कोणी म्हटलं होतं का, चुकलं म्हणून?"

"कोणीच नाही. चंदू, मोना, प्रफुलसर, सगळ्यांनी पास केलं."

"नंतर तू त्यात काही बदललंस?"

"कुठे वेळ होता? गेम दुकानांना देऊन टाकला. त्यांची तपासणी होऊन मंजूर झाला की त्यात हात घालता येत नाही. बदलायचं तर पुन्हा सगळं पाठवा, पुन्हा आठवडा थांबा."

वहिनीने मान डोलावली, जणू हातातल्या परीक्षानळीला अपेक्षित रंग आला होता.

जिना उतरताना मोनालीचा फोन वाजला. प्रफुलचा मजकूर. ‘वकिलांनी तक्रार लिहून ठेवली आहे. फोनची प्रत एका मोबाईल दुकानदाराकडे होती असं तुमच्याच कागदावर दिसतं. त्याचं नाव टाकू? फक्त हो म्हणा.’

मोनालीने ‘हो’ टाइप केलं. तिचा अंगठा बटणावर गेला. हवं ते नाव मिळालं होतं, उद्याची तारीख वाचत होती, दोन वर्षं वाचत होती. आणि तो माणूस काही धुतल्या तांदळाचा नव्हता.

"पाठवू नकोस," मागून वहिनी म्हणाली. "आधी घरी चल. बायांचे पाय बघ."

५

माडीवरच्या खोलीत वहिनीने टेबलावर तीन फोन ओळीने ठेवले. मुन्नालालकडून मागून आणलेला पहिला. चॅनेलवरच्या प्रतीचा दुसरा. तिसरा मोनालीचा स्वतःचा, ज्यात उद्या विकायची प्रत होती. तिन्हींवर रोवणी सुरू केली.

"सारस विसर. पाय बघ."

मोनालीने पाहिलं. पहिल्या फोनवर बाया वाकून पुढे पुढे चालल्या होत्या. तिसऱ्यावरही तशाच. मधल्या फोनवर त्या मागे मागे सरकत होत्या. लावलेली रोपं त्यांच्या समोर हिरवी होत जात होती.

"यात उलट्या चालतात," ती म्हणाली.

"यातच सुलट्या चालतात. तू कधी रोवणी केली नाहीस ना? मी केली, दहावीपर्यंत. रोवताना बाई मागेच सरकते. पुढे गेली तर आपलंच लावलेलं तुडवेल." वहिनीने पहिल्या फोनवर बोट ठेवलं. "या बाया दोन वर्षं आपलं रोवलेलं तुडवत आहेत आणि तुम्हा कोणाला दिसलं नाही."

मोनालीची कानशिलं तापली. धानावर गेम केला आणि बांधीत पाय घातला नव्हता.

"आता विचार कर," वहिनी म्हणाली. "चॅनेलवरच्या प्रतीत कुलूप नाही. मुन्नालाल खरं बोलला, ते तोडलेलं नाही, बसवलंच नव्हतं. म्हणजे ती प्रत जिथे गेम बनतो तिथेच बनली. आणि बनवताना कोणीतरी बायांची चाल सुधारली. चोर चूक सुधारत बसत नाही. त्याला काय पडलंय?"

"पण सारस मुन्नालालचा कसा आला?"

"तूच सांग. फोनसाठी आणखी एक प्रत बनवली तर सारस कोणता येईल?"

"तपासणीच्या फोनच्या प्रतीवरूनच बनवली तर..." मोनाली थांबली. "मान खालीच येईल. आपोआप."

"म्हणजे मुन्नालालला अडकवायला कोणी ते केलं नाही. ज्यांच्यासाठी प्रत बनली त्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता, फोन होता, एवढंच. आता राहिला एकच प्रश्न. उद्याच्या हजारो लोकांसाठी चाल चुकीची ठेवली, आणि या एका प्रतीत सुधारली. का?"

 मोनालीला उत्तर दिसायला लागलं होतं आणि ते नको होतं.

"कारण ही प्रत अशा माणसांकडे जाणार होती, ज्यांना चूक पहिल्या नजरेत दिसली असती," वहिनी म्हणाली. "ज्यांच्या हसण्याची बनवणाऱ्याला लाज वाटली असती. रीनाला आजही चूक कळलेली नाही. तुला आत्ता कळली. तिघांपैकी राहिलं कोण?"

"चंदू असं करणार नाही, वहिनी. विकायचं असतं तर त्याने केव्हाच..."

"विकला असं कोण म्हणतंय?" वहिनीने जिन्याजवळच्या फळीवरचा डबा आणून टेबलावर ठेवला. झाकण उघडलं. नव्या तांदळाच्या पोह्यांचा वास खोलीभर झाला. "नव्याला काय करतात, माहीत आहे ना? चल. गावाला जायचंय."

६

कापणी अर्धी झाली होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापलेल्या धानाच्या कडपा पडलेल्या होत्या. तलावाकडून येणारा वारा गार होता. चंद्रकुमारच्या घरी पोचल्यावर आधी काय विचारायचं, हे मोनालीने वाटेत दहादा ठरवलं आणि दहादा मोडलं.

विचारायची वेळच आली नाही. शकुंतलाबाई, चंद्रकुमारची आई, अंगणात चार शेजारणींसोबत सूप घेऊन बसली होती. प्रकृती ठणठणीत होती. शेजारणींपैकी एकीच्या हातात फोन होता आणि त्यातून कालव्याच्या दाराचा कुरकुरणारा आवाज येत होता. तो आवाज मोनालीनेच याच गावात उभं राहून ध्वनिमुद्रित केला होता.

"ये वो बाई!" शकुंतलाबाई उठली. "तुहा खेळ साऱ्या गावानं पायला. हे सगुनाबाई तर पानी सोडता सोडता सयपाक जाळून बसली."

"तुमाले कोणी दिला, काकू?"

"कोनी म्हंजे? चंदूनं." म्हातारीला प्रश्नच कळला नाही. "मीच म्हटलं त्याले. साल-दीड साल तुमी इथं येऊन राहिले. कोनाचा आवाज नेला, कोनाचं गानं नेलं, कोनाच्या घरी जेवले. आता माल तयार झाला. नवा देल्याबिगर बाजारात नेतेत का? आमी धान विकाच्या आधी शेजाऱ्यापाजाऱ्याच्या घरी नवे पोहे धाडतो, राबनाऱ्याईच्या घरी धाडतो. मंग हे का वेगळं हाय?" ती हसायला लागली. "पयले मले दाखवला तं बाया सामने चालून राहिल्या! म्या म्हटलं, हे गावाले दाखवशीन तं लोक तोंडात शेन घालतीन. मंग रातभर बसून नीट केलं पोट्ट्यानं."

चंद्रकुमार गोठ्याच्या खांबाला टेकून उभा होता. तो केव्हा आला कुणाला कळलं नाही.

"गावाच्या ग्रुपवर टाकला होता," तो म्हणाला. "फक्त गावाच्या. कुलूप लावलं नाही, कारन नव्याचे पैसे कोन घेते? रायपूरला राहनाऱ्या कोनाच्या तरी भाच्यानं उचलून चॅनेलवर टाकला. आज सकाळी समजलं मले."

"मला विचारायचं होतंस, चंदू."

"तू नाही म्हटलं असतं?"

मोनालीने विचार केला. "नसतं म्हटलं," ती म्हणाली. आणि मग तिचा आवाज फाटला. "पण ते जाऊ दे. सकाळी मी मुन्नालालला पोरांसमोर चोर म्हटलं. तू दारात उभा होतास. तुला माहीत होतं."

सुपाचा आवाज थांबला. चंद्रकुमारने खांबाचा ढलपा नखाने उकरला.

"माहीत होतं. वाटलं, आतला निघाला तर करार जाते. तुझी दोन वर्षं जातेत. अन् तो..." त्याने ढलपा खाली टाकला. "वाटलं, तो तसाही नकलीच गेम चालवते. त्याचं का बिघडते."

"कोनाले चोर केलं?" शकुंतलाबाईने हळूच विचारलं.  तिने पोराकडे पाहिलं, मग सूप उचलून ती आत निघून गेली.

मोनालीच्या हातात फोन होता. ‘हो’ अजून तसंच पडलं होतं, न पाठवलेलं. तिने ते पुसलं. वहिनीने काहीच सुचवलं नाही. ती पाण्याचा तांब्या घेऊन बाजूला जाऊन बसली होती. नमुना काय सांगतो ते तिने सांगितलं होतं. पुढचं तिचं काम नव्हतं.

मोनालीने प्रफुलला फोन लावला.

"प्रफुलसर, आतूनच गेला. आमच्या गावाला भेट म्हणून दिला होता, तिथून फुटला. दुकानदाराचा काही संबंध नाही."

प्रफुलने आवाज खाली आणला. "मॅडम, तुम्ही आत्ता काय बोललात ते समजतंय ना? मी हे ऐकलंच नाही असं धरू शकतो. परत विचारतो. आतला की बाहेरचा?"

तिने गोठ्याकडे पाहिलं. चंद्रकुमार मान हलवत होता. हो की नाही, ते कळत नव्हतं.

"आतला," ती म्हणाली.

७

दिवेलागणीला मुन्नालालच्या दुकानात सकाळच्यापेक्षा जास्त पोरं होती. तो एका उघड्या फोनवर वाकलेला होता. मोनाली आणि चंद्रकुमार आत आल्याचं त्याने पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

"पोलीस कुठं हायेत?"

"नाही आणले," मोनालीने त्याचा फोन काउंटरवर ठेवला. "गेम आमच्यातूनच गेला होता. तुम्हाला बोलले ते चुकलं. माफ करा."

"सुबह ये सब के सामने बोली थी. अब कान में बोल रही है."

मोनालीचा चेहरा तापला. ती मागच्या खोलीकडे वळली. तिच्या आधी चंद्रकुमार पुढे झाला. त्याने टीव्हीचा आवाज बंद केला. पोरं चिडून बघायला लागली.

"ऐका रे," तो म्हणाला. आवाज नीट निघत नव्हता. "सकाळी या भाऊले चोर म्हटलं होतं. गेम मी देला होता. मले माहीत होतं, अन् मी गप्प बसलो."

"आणि मी न तपासता बोलले," मोनाली म्हणाली.

एका पोराने "बरं, आता चालू करा ना," म्हटलं आणि टीव्ही पुन्हा गर्जू लागला. मुन्नालालने फोनचं झाकण बसवलं, स्क्रू आवळला. घाई केली नाही.

"उद्या खुलते ना तुझं?"

"फोनवर आणि कॉम्प्युटरवर. टीव्हीवर नाही. तो करार आज गेला."

"माझ्यामुळे?"

"नाही. खरं सांगितलं म्हणून."

त्याने तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. मग चंद्रकुमारकडे. "ते बहनजी विचारत होती, बाया कुठं चालल्या. तेव्हापासून डोक्यात बसलं आहे. आता चहावाल्याच्या आईले विचारलं, तिनं सांगितलं. माझ्यावाल्यात चुकीच्या चालतेत म्हणे."

"नीट करून पाठवून राहिलो आजच," चंद्रकुमार म्हणाला. "आठवडा लागन. ज्यानं घेतला त्याले आपोआप भेटन."

"फुकट कॉपी माझ्याजवळ हाय," मुन्नालाल म्हणाला. "सगळ्या गोंदियाजवळ हाय आता."

"माहीत आहे," मोनाली म्हणाली.  उद्या सकाळी गेमच्या विक्रीच्या पानावर किती माणसं येतील, येतील की नाही, कोण सांगणार होतं?

मुन्नालालने गल्ल्यामागून स्वतःचा फोन काढला आणि तिच्यापुढे धरला. तिच्या गेमचं पान उघडं होतं. खरेदी उद्यापासून, असं त्यावर लिहिलेलं होतं.

"इथं दाबायचं ना सकाळी?"

तिने मान डोलावली.

"एकदा देलं की कॉम्प्युटरवर बी चालन? या पोट्ट्याईले शिकवतो, असली माल कसा असते."

"चालेल."

"अन् कधी या टीव्हीवर आला, तं पुन्हा पैसे मागजो नोको."

"नाही मागणार, भाऊ," मोनाली म्हणाली. "एकदाच."